पडून राहणाऱ्या यंत्रांचे आयुष्य

११ एप्रिल १९९१ या दिवशी गुरू ग्रहाच्या वाटेवर असलेल्या 'गॅलिलिओ' या अमेरिकन अंतराळयानाला पृथ्वीवरून हुकूम गेला : "छत्री उघड." ही छत्री म्हणजे यानाची मुख्य अँटेना होय. तिचा व्यास ४.८ मीटर. आपल्या छत्रीला असतात तशा तिलाही काड्या होत्या, एकूण १८. आणि त्या काड्यांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक तारांची जाळी ताणलेली होती. हुकूम पोहोचला, मोटारी फिरू लागल्या, बऱ्याच काड्या सुटल्या. परंतु काही काड्या मधल्या दांड्याला घट्ट चिकटून राहिल्या. छत्री वेडीवाकडी, अर्धवट उघडली आणि तशीच अडकली.

तंत्रज्ञांनी नाना उपाय केले. यान सूर्याकडे वळवून दांडा तापवून पाहिला, सूर्यापासून फिरवून थंड करून पाहिला. मोटारी हजारो वेळा चालू-बंद करून हिसके दिले. छत्री काही उघडली नाही. मुख्य अँटेना दर सेकंदाला १ लाख ३४ हजार 'बिट' माहिती धाडणार होती. ('हो' किंवा 'नाही' एवढे सांगणारी माहिती म्हणजे एक बिट.) आता सर्व भिस्त एका लहान अँटेनावर आली, आणि तिच्यातून सेकंदाला फार तर १६० बिट जाऊ शकत. संगणकाचे कार्यक्रम बदलून आणि माहिती आटोपशीर करून शास्त्रज्ञांनी त्यातूनही मोहीम यशस्वी केली. पण ठरल्यापेक्षा कितीतरी कमी चित्रे हाती आली.

हे कशामुळे घडले? गॅलिलिओ १९८६ च्या मे महिन्यात सुटायचे होते. त्याच वर्षी २८ जानेवारीला 'चॅलेंजर' या अवकाशयानाचा भीषण अपघात झाला आणि पुढची सगळी उड्डाणे थांबली. फ्लॉरिडातील तळावर पोहोचलेले यान पुन्हा कॅलिफोर्नियाला आणले गेले, तिथे राहिले आणि उड्डाणासाठी पुन्हा फ्लॉरिडाला नेले गेले. अखेर १८ ऑक्टोबर १९८९ रोजी ते सुटले. वाट शुक्राजवळून जात असल्यामुळे उन्हापासून जपण्यासाठी अँटेना आणखी दीड वर्ष मिटलेलीच ठेवावी लागली. काड्यांच्या खुंट्यांवर कोरड्या वंगणाचा पातळ थर दिलेला होता. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ट्रकने झालेल्या वाऱ्यांमध्ये हादऱ्यांनी तो थर घासून गेला, आणि मध्ये सरलेल्या वर्षांत तो कोणी नव्याने दिला नाही, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. उघडा पडलेला धातू निर्वातात समोरच्या धातूला धरून बसला.

ध्यानात घ्या, ही अँटेना अवकाशात एकदाही वापरलेली नव्हती. तरीही ती बिघडली होती! वापराने यंत्र झिजते हे आपल्याला ठाऊक असते. परंतु नुसते पडून राहिलेले यंत्र कधी आणि किती बिघडेल, हे आधी सांगता येईल काय? विश्वसनीयता-शास्त्राची एक संपूर्ण शाखा याच प्रश्नामागे लागलेली आहे.

निजलेल्या यंत्रात काय चालते?

कपाटात ठेवलेली वस्तू 'जशीच्या तशी' राहते, ही आपली समजूत चुकीची आहे. यंत्र निजले तरी त्याचे रेणू निजत नाहीत. हवेतील प्राणवायू, पाण्याची वाफ, उष्णता आणि ताण हे चार पाहुणे कोठारात मुक्काम ठोकूनच असतात.

प्रथम ओलावा पाहू. सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. आपल्या कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणून तिथे कुलपे आणि बिजागऱ्या लवकर धरतात. बंद खोकेसुद्धा पूर्ण सुरक्षित नसते. दिवसा आतली हवा तापून फटीतून बाहेर पडते आणि रात्री गार झाल्यावर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. म्हणजे खोके चक्क श्वासोच्छ्वास करते! कॅमेऱ्याच्या किंवा औषधाच्या खोक्यात मिळणारी 'सिलिका जेल'ची पुडी हीच वाफ शोषून घेण्यासाठी असते.

आता रबर घ्या. मोटारीच्या डिकीतील स्टेपनी वर्षानुवर्षे रस्त्याला लागत नाही. तरी प्राणवायू आणि ओझोन रबराच्या लांबलचक रेणूंवर हल्ला करीतच असतात. रबर कडक होते आणि त्याला भेगा पडतात. म्हणूनच टायर कधी तयार झाला हे त्याच्या कडेवर चार अंकांत छापलेले असते. '३२१९' याचा अर्थ २०१९ सालचा ३२ वा आठवडा. न वापरलेला टायरही दहा वर्षांनंतर बदलावा असे टायर बनवणारे सांगतात, ते यामुळेच.

विजेच्या उपकरणांच्या तऱ्हा आणखी न्याऱ्या आहेत. बॅटरीचा घट वापरला नाही तरी आतल्या रासायनिक क्रियेने हळूहळू उतरतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. बरीच वर्षे वीज मिळाली नाही तर हा थर कमकुवत होतो. जुना रेडिओ माळ्यावरून काढून एकदम पूर्ण दाबाची वीज दिली, तर कंडेन्सर जळण्याचा धोका असतो. जाणकार दुरुस्तीकार दाब हळूहळू वाढवतो, म्हणजे थर पुन्हा तयार होतो. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यातून तर केसाहून बारीक 'मिशा' आपोआप उगवतात. कधी कधी त्या काही मिलिमीटर लांब होतात आणि शेजारच्या तारेला टेकून विद्युत्-मंडल लघुपरिपथित करतात. कथिलात थोडे शिसे मिसळले तर ही वाढ पुष्कळ आटोक्यात राहते.

बिघाडांची मोजदाद

यंत्र बिघडण्याची कारणे कळली, पण भाकीत कसे करायचे? एखादे विशिष्ट यंत्र कोणत्या दिवशी बिघडेल हे कोणीच सांगू शकत नाही. परंतु एकसारखी पुष्कळ यंत्रे असतील तर त्यांपैकी किती बिघडतील, याचा अंदाज बांधता येतो. विमा कंपन्या हेच करतात. फक्त त्यांचा हिशेब माणसांचा असतो.

समजा, एका गोदामात २०० उपकरणे ठेवली. वर्षाअखेर तपासली तेव्हा ४ बिघडलेली निघाली. म्हणजे वर्षाला २ टक्के. मग १० वर्षांनी २० टक्के बिघडतील काय? नाही. दुसऱ्या वर्षी जी शिल्लक आहेत त्यांच्यातीलच २ टक्के बिघडतात. म्हणून १ ला ०.९८ ने दहा वेळा गुणावे लागते. उत्तर येते सुमारे ०.८२. म्हणजे २०० पैकी १६३ चांगली राहतील. वीस वर्षांनी हाच आकडा सुमारे ०.६७ होतो. हे गणित तुमच्या ओळखीचे आहे : चक्रवाढ व्याजच, पण उलट्या दिशेचे.

आता एक यंत्र ५० सुट्या भागांचे आहे आणि त्यांतला एक जरी बिघडला तरी यंत्र बंद पडते असे माना. प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची शक्यता ०.९९९ आहे. हजारात एकच बिघाड! वाटते, अगदी भरवशाचे यंत्र. पण ०.९९९ चा ५० वा घात ०.९५ येतो. दहा वर्षांसाठी ५०० वा घात घ्यावा लागतो आणि तो येतो जेमतेम ०.६१. म्हणजे शंभरातली ३९ यंत्रे दहा वर्षांनी दगा देतील. जितके भाग जास्त, तितका भरवसा कमी. साधे यंत्र दीर्घकाळ पडून राहूनही चालते आणि गुंतागुंतीचे रुसते, याचे हे एक कारण आहे.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे : बिघाडाचा दर दर वर्षी तोच राहतो. प्रत्यक्षात तसे नेहमी होत नाही. काही वस्तूंचे दोष सुरुवातीलाच उघडे पडतात आणि मग दर कमी होतो. रबर, स्फोटके, घट यांच्या बाबतीत उलटे असते : पहिली काही वर्षे सगळे ठीक, आणि मग बिघाड वाढत जातात. स्वीडनचे अभियंते वालोडी वायबुल यांनी १९५१ साली एक सूत्र प्रसिद्ध केले. त्यातील एक आकडा १ पेक्षा लहान असेल तर बिघाडाचा दर उतरता, १ असेल तर स्थिर आणि १ पेक्षा मोठा असेल तर चढता असतो. गोदामातील नोंदींवरून हा आकडा काढला, की वस्तू तरुण आहे की म्हातारी होऊ लागली आहे, हे कळते.

दहा वर्षे कोण थांबणार?

नवीन उपकरण आज तयार झाले आणि ते दहा वर्षे टिकेल काय हे आजच हवे आहे. तेव्हा काय करायचे? येथे मदतीला येतो दुसरा स्वीडिश शास्त्रज्ञ, स्वांटे आऱ्हेनियस. १८८९ साली त्याने आम्लामुळे उसाच्या साखरेचे विघटन किती वेगाने होते याचा विचार करताना तपमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचा संबंध मांडला. तपमान वाढले, की क्रियेसाठी लागणारी किमान ऊर्जा ज्यांच्याजवळ आहे अशा रेणूंची संख्या भराभर वाढते. पुष्कळशा क्रियांसाठी एक ढोबळ नियम वापरतात : तपमान १० अंशांनी वाढले की वेग दुप्पट. आंबवण उन्हाळ्यात लवकर फुगते आणि हिवाळ्यात रेंगाळते, हा तुमच्या घरचाच अनुभव आहे.

आता २५ अंशांच्या गोदामाऐवजी उपकरण ६५ अंशांच्या भट्टीत ठेवले. फरक ४० अंशांचा, म्हणजे चार वेळा दुप्पट, एकूण १६ पट. दहा वर्षांचे ३,६५० दिवस १६ ने भागले की सुमारे २२८ येतात. साडेसात महिन्यांत दहा वर्षांचे म्हातारपण! याला प्रवेगित वार्धक्य-चाचणी म्हणतात.

मग भट्टी आणखी तापवून दोन दिवसांत निकाल का लावू नये? याचे उत्तर कोंबडीच्या अंड्याकडे आहे. ३८ अंशांच्या आसपास ऊब दिली की २१ दिवसांनी पिल्लू बाहेर येते. दहा अंशांच्या नियमाने ७८ अंशांवर ते सव्वा दिवसात यायला हवे. प्रत्यक्षात काय मिळेल? उकडलेले अंडे! तपमान फार वाढवले की मूळची क्रिया वेगाने होण्याऐवजी निराळीच क्रिया सुरू होते. मेण वितळते, प्लॅस्टिक मऊ पडते, आणि गोदामात कधीच न होणारे बिघाड भट्टीत होतात. उलट, भट्टीतली कोरडी हवा गंज लपवून ठेवते. म्हणून एकाच तपमानावर चाचणी घेत नाहीत. तीन-चार निरनिराळ्या तपमानांवर घेतात, आर्द्रताही बदलून पाहतात, आणि आलेख सरळ रेषेत येत असेल तरच ती रेषा खाली गोदामाच्या तपमानापर्यंत वाढवतात.

काडेपेटीचा प्रश्न

एका गृहस्थाने म्हणे काडेपेटी घेतली, घरी जाऊन प्रत्येक काडी पेटवून पाहिली आणि समाधानाने म्हणाला, "सगळ्या उत्तम आहेत!" यावर आपण हसतो, पण अभियंत्यांपुढे हाच पेच असतो. काही उपकरणे एकदाच चालतात. ती चालतात की नाही हे पाहायचे तर ती खर्ची पडतात. मग प्रत्येक घाण्यातील काही नमुने बाजूला ठेवतात, बाकीच्या मालासारखेच साठवतात आणि दर वर्षी त्यांतील थोडे वापरून पाहतात.

समजा, ५० नमुने चालवून पाहिले आणि एकही बिघडला नाही. मग सगळा माल निर्दोष म्हणावा काय? मालात शंभरी ६ नग खराब असते, तरीही ५० पैकी ५० चांगले निघण्याची शक्यता ०.९४ चा ५० वा घात, म्हणजे सुमारे ४.५ टक्के असती. तेव्हा एवढ्या चाचणीवरून "खराब नग बहुधा शंभरी ६ पेक्षा कमी आहेत" इतकेच म्हणता येते. एकही बिघाड न दिसणे म्हणजे बिघाड नसणे, असे नव्हे.

जी उपकरणे पुन्हा पुन्हा चालवता येतात त्यांचे काम सोपे. आग विझवणारा पंप घ्या. तो महिन्याला १ टक्का शक्यतेने गुपचूप बिघडतो असे धरा. वर्षातून एकदाच तपासला तर वर्षाअखेर तो बिघडलेला असण्याची शक्यता ११ टक्क्यांवर जाते. वर्षाची सरासरी काढली तर ती सुमारे ६ टक्के भरते. दर महिन्याला तपासला तर सरासरी अर्ध्या टक्क्यावर येते. यंत्र तेच, भरवसा बारापट! मात्र तपासणीही फुकट नसते. प्रत्येक वेळी चालू करताना यंत्रावर ताण पडतो, झाकण उघडले की ओलावा आत शिरतो. म्हणून तपासणी किती दिवसांनी करावी, हाही एक गणिताचाच विषय आहे.

मोटारीतील हवेची पिशवी

साठवणीचे भाकीत चुकले तर काय होते, याचे दुःखद उदाहरण अलीकडचेच आहे. मोटारीत अपघाताच्या वेळी फुगणारी हवेची पिशवी असते. ती एकदाच, सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याहून कमी वेळात फुगायची असते. तोवर कित्येक वर्षे ती चाकामागे गप्प पडून असते. जपानच्या 'टाकाटा' कंपनीने पिशवी फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेटच्या वड्या वापरल्या होत्या. हे लवण ओलावा शोषते, आणि सुमारे ३२ अंशांवर त्याच्या स्फटिकांची रचना बदलते. दिवसा मोटार उन्हात तापणार, रात्री निवणार, ओलावा आत-बाहेर करणार. वर्षानुवर्षे असे झाल्यावर वड्यांना भेगा पडून त्या भुसभुशीत झाल्या. जळण्यासाठी पृष्ठभाग वाढला की ज्वलन भडकते. लाकडाच्या ओंडक्यापेक्षा भुसा भुर्रकन पेटतो, तसेच. प्रसंग आला तेव्हा वायू इतक्या जोराने निघाला, की धातूची डबी फुटून तिचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसले. जीव वाचवणाऱ्या साधनाने अनेकांचा जीव घेतला.

तपासात असे दिसले, की उष्ण आणि दमट प्रदेशांत धोका अधिक आहे. म्हणून अमेरिकेत फ्लॉरिडासारख्या प्रदेशातील मोटारींना अग्रक्रम दिला गेला. जगभरात दहा कोटींच्या घरातील असे फुगवणारे संच बदलण्यासाठी परत बोलावले गेले. भारतातही लाखाहून अधिक मोटारी परत बोलावल्या गेल्या. २०१७ साली कंपनीने दिवाळे काढले.  ऊन आणि दमट हवा सोसून दहा-बारा वर्षे झाल्यावर ती कशी वागेल, हा प्रश्न नीट सोडवला गेला नव्हता.

सदतीस वर्षांची झोप

आता एक आनंदाची गोष्ट. 'व्हॉयेजर-१' हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले. त्याला दिशा बदलण्यासाठी काही छोटी इंजिने होती. शनीची भेट झाल्यावर त्यांचे काम संपले. ८ नोव्हेंबर १९८० नंतर ती कोणी चालवली नाहीत. पुढे अँटेना पृथ्वीकडे रोखून धरणारी दुसरी इंजिने क्षीण होऊ लागली, तेव्हा तंत्रज्ञांना या जुन्या इंजिनांची आठवण झाली. जुने कागद आणि जुने संगणक-कार्यक्रम शोधून काढले. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी चार इंजिनांना हुकूम दिला : सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते पेटा. यान तेव्हा सुमारे २,१०० कोटी किलोमीटरवर होते. उत्तर यायला १९ तास ३५ मिनिटे लागली. चारही इंजिने चोख चालली होती!

एका यानाची छत्री साडेपाच-सहा वर्षांत अडकते आणि दुसऱ्याची इंजिने ३७ वर्षांनी पेटतात. यात दैवाचा भाग थोडा आणि परिस्थितीचा जास्त आहे. व्हॉयेजरची इंजिने जिथे निजली होती तिथे ना प्राणवायू, ना ओलावा, ना हादरे. गॅलिलिओच्या वाट्याला पृथ्वीवरची हवा आणि रस्त्यावरचे धक्के आले. म्हणून "हे यंत्र किती वर्षे टिकेल?" हा प्रश्न अपुरा आहे. "कुठे, कशा हवेत आणि कोणत्या हालचालींसह ठेवले तर?" हेही विचारावे लागते.

तुम्हीच करून पाहा

विश्वसनीयतेचा एक प्रयोग शाळेत फारशा खर्चाशिवाय करता येईल. एकाच पुडीतील ४० रबरबँड घ्या. दहा-दहांचे चार गट करा. पहिला गट खिडकीत उन्हात सैल ठेवा. दुसरा उन्हातच, पण लाकडी पट्टीवर ताणून ठेवा. तिसरा कपाटात उघडा ठेवा आणि चौथा घट्ट झाकणाच्या डब्यात. दर महिन्याला प्रत्येक गटातील एक रबरबँड खुंटीला टांगा, त्याला पिशवी अडकवून तीत हळूहळू वजने टाका आणि तो किती वजनाला तुटतो हे लिहा. (तुटलेला रबरबँड डोळ्याला लागू शकतो, चेहरा दूर ठेवा.) तीन महिन्यांनी आलेख काढा आणि नवव्या महिन्यात काय होईल याचे भाकीत वहीत लिहून ठेवा. नववा महिना आल्यावर ताडून पाहा. एका गटाचा एकच नग तपासल्याने उत्तरे वर-खाली का होतात, याचाही विचार करा.

आणि एक काम आजच करण्यासारखे आहे. शाळेच्या भिंतीवरचे अग्निशामक नळकांडे, प्रथमोपचाराची पेटी, प्रयोगशाळेतील वाळूची बादली, वीज गेल्यावर लागणारा दिवा, अशा 'वाट पाहणाऱ्या' वस्तूंची यादी करा. प्रत्येकीपुढे ती केव्हा आणली आणि शेवटची केव्हा तपासली हे लिहा. ज्या वस्तूपुढची तारीख कोणालाच सांगता येणार नाही, तिच्यापासून तपासणीला सुरुवात करावी.